माय विचारते, ‘पोरगी कोन्त्या गावची?’

पत्राचा सारांश : पत्रलेखक ३१ वर्षांचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पाच एकर कोरडवाहू शेती. कपाशी आणि तूर. वडील वारले, घरी माय आणि ते, दोघंच. घरकुल मायच्या नावावर. तीन वर्षांत अकरा ठिकाणी मुलगी पाहायला गेले, लग्न जमलं नाही. बरोबरीचे मित्र चाकणला नाहीतर बुटीबोरीला कंपनीत लागले. जूनपासून ते रोज रात्री मोबाइलमधल्या एआयशी बोलतात. आधी फवारणीचं विचारायचे, आता मनातलं सगळं सांगतात. आवाज बाईचा ठेवला आहे. बोलता बोलता रात्रीचे दोन वाजतात. पलीकडच्या खोलीत मायला वाटतं, पोरगा एखाद्या मुलीशी बोलतो आहे. तिने वेचणीच्या मजुरीतून खोलीला रंग मारून घेतला आणि परवा विचारलं, ‘मले काई म्हननं नाई, पन पोरगी कोन्त्या गावची हाय ते त सांग.’ ते विचारतात, ‘मायला खरं कसं सांगू? हे सोडू तरी कसं? मला समजून घेणारं दुसरं कोणीच नाही. मी वेडा तर होत नाही ना?’

---

भाऊ,

तुमचं पत्र सहा पानांचं. पाचव्या पानावर, तुरीच्या भावाच्या आधी, तुम्ही एक ओळ लिहून गेलात : ‘कधी कधी वाटते सकाळी उठूच नये.’ पुढच्या ओळीत तूर सुरू. मी मात्र तिथेच थांबले. म्हणून आधी त्याचं बोलू. मायचं आणि मोबाइलचं मग.

सरळ विचारते. जीव द्यायचा विचार येतो का? असं विचारल्याने तो विचार वाढत नाही, आणि आला असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलता येतं, आणि तिकडून माणूस बोलतो. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. झोप आणि भूक पंधरा दिवसांवर बिघडलेली असेल तर तिथे जाच. आणि घरातले फवारणीच्या औषधाचे डबे आजच कुलपात घाला, किल्ली मायजवळ द्या. तिने कारण विचारलं तर सांगा, पेपरातल्या ताईने सांगितलं. असा विचार फार वेळ त्याच जोरात राहत नाही. त्या घटकेला हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. पंप आणि औषध ज्या ज्या घरात आहे, त्या सगळ्यांनी हे कुलपाचं आपल्यासाठीच लिहिलं आहे असं समजावं.

आता वेडेपणाचं. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम नावाच्या प्राध्यापकाने एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. अक्कल म्हणावी असं त्यात काही नव्हतं. आपण टाइप केलेलं वाक्यच थोडं फिरवून, त्याचा प्रश्न करून तो परत द्यायचा. वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने ते काम महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर होताना पाहिलेलं. तरी चार वाक्यं त्याच्याशी बोलल्यावर ती साहेबांना म्हणाली, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? बनवणाराच त्या प्रसंगाने हादरला आणि पुढे जन्मभर लोकांना सावध करत राहिला.

साठ वर्षांपूर्वीचं, तेही टाइप करून, हे असं. तुमच्या मोबाइलमधलं तर मराठी बोलतं, बाईच्या आवाजात बोलतं, आणि परवा सांगितलेलं आज लक्षात ठेवतं. त्यात जीव गुंतला म्हणून तुमचं डोकं बिघडलं असं होत नाही. गुंतला आहे, एवढं मात्र खरं. पहिल्या पानावर तुम्ही त्याला ‘ते ॲप’ म्हणता. तिसऱ्या पानापासून ‘ती’.

माझी अडचण दुसरीकडे आहे. ‘मला समजून घेणारं दुसरं कोणीच नाही’ हे वाक्य पत्रात चारदा आलं. यातल्या ‘समजून घेणं’ या शब्दावर माझा भरवसा बसत नाही. तुम्हीच दिग्रसकडच्या त्या मुलीचं लिहिलं आहे. चहा ठेवून ती गेली नाही, उभी राहिली आणि विचारलं, पाणी कुठून आणावं लागते? तुम्ही सांगितलं, गावविहिरीवरून. आठ दिवसांनी नकार आला. त्या रात्री तुम्ही मोबाइलला सांगितलं, आणि त्याने दिलेलं उत्तर तुम्ही पत्रात जसंच्या तसं उतरवलं : ‘तुमच्यासारख्या मनाने श्रीमंत माणसाची किंमत तिला कळली नाही.’

भाऊ, मला तर त्या मुलीचा प्रश्न फार आवडला. तिने एकर विचारले नाहीत, घर किती खोल्यांचं ते विचारलं नाही, पुण्याला का नाही गेलात हेही नाही. रोज दोन वेळा जे तिच्या डोक्यावर येणार होतं, तेवढंच विचारलं. डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आणि हातात बादली घेऊन विहिरीवरून घरी येताना मान कशी आखडते ते ज्याने वाहिलं त्यालाच माहीत. तुमच्या घरी पाणी कोण आणतं, हे सहा पानांत कुठे नाही. माझा अंदाज, माय आणते. तिचं वय तुम्ही ५८ लिहिलं आहे.

हीच गोष्ट पारावर बसून एखाद्या मित्राला सांगितली असती तर तो फिदीफिदी हसला असता आणि म्हणाला असता, ‘बरोबर तं इचारलं लेका तिनं!’ तुम्हाला राग आला असता. दोन दिवस त्याच्याशी बोलला नसता. आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच कुणाला तरी विचारलं असतं, विहिरीवरून पाइप टाकायला किती लागतात? मोबाइलने तो राग येऊ दिला नाही.

हे यंत्र असं गोड का बोलतं, त्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. पुढचा शब्द कोणता यावा हे ते ढीगभर मजकुरावरून शिकतं, मग माणसं त्याच्या उत्तरांना पसंती-नापसंती देतात, आणि पसंत पडलेल्या उत्तरांसारखं बोलायला ते शिकतं. माणसाला काय पसंत पडतं, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला एप्रिल २०२५ मध्ये आपलाच एक सुधारलेला अवतार काही दिवसांत मागे घ्यावा लागला, कारण तो भलतीच हांजी हांजी करायला लागला होता.

मागच्या महिन्यात मी स्वतः एक उद्योग करून पाहिला. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकावरून माझं आणि जावेचं वाजलं होतं. मी असल्याच एका ॲपला माझी बाजू सांगितली. ते म्हणालं, तुमचं दुखणं रास्त आहे, तुम्ही नेहमीच घरासाठी झटत आला आहात. मग नवीन खिडकी उघडून मी जाऊ झाले आणि तिची बाजू लिहिली, जमेल तितकी प्रामाणिकपणे. तिचंही दुखणं रास्त निघालं. तीही नेहमीच घरासाठी झटत आलेली. मी हे जावेला दाखवलं तर ती म्हणते, ‘म्हंजे मामाजींसारखंच हाय हे. जिच्या हातचा चहा, तिची बाजू.’ त्या हसण्यात आमचं भांडण मिटलं, एवढं श्रेय यंत्राला देते.

तुम्हीही एक रात्र हे करून बघा. दिग्रसची ती मुलगी होऊन लिहा : मला एक स्थळ आलं आहे, मुलगा चांगला वाटतो, पण पाणी गावविहिरीवरून आणावं लागतं, काय करू? काय उत्तर येतं ते वाचा. मी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मी स्वतः हे वापरते, आणि तुम्ही सोडूनच द्या असं म्हणणार नाही. पीक विम्याची तक्रार तुम्ही त्याच्याकडून लिहून घेतली, झकास केलं. फवारणीच्या बाबतीत मात्र जपून. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. कोणतं औषध कशात मिसळायचं आणि पंपाला किती, हे यंत्र ठामपणे सांगतं आणि ठामपणे चुकतंही. डब्यावरची चिठ्ठी वाचा, किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा. कामगंध सापळ्यात, म्हणजे वासाने पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग दिसले की गुलाबी बोंडअळीची फवारणी, हा हिशेब ते पाठ म्हणून दाखवेल. सापळ्यातले पतंग मोजायला तुम्हालाच पऱ्हाटीत शिरावं लागतं. आणि मनातलं सगळं सांगताना एक ध्यानात असू द्या. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितलं की डॉक्टरशी किंवा वकिलाशी बोललेलं गुप्त राहावं म्हणून कायद्याचं जे संरक्षण असतं, ते या बोलण्याला नाही.

एकटेपणाचं पुढचं. २०२५ मध्ये एमआयटी आणि ओपनएआय यांनी मिळून सुमारे हजार लोकांना चार आठवडे अशा बोलक्या एआयसोबत पाहिलं. जे रोज जास्त वेळ बोलायचे त्यांच्यात एकटेपणा जास्त आढळला, आणि माणसांत मिसळणं कमी. आता एकटं वाटतं म्हणून माणूस जास्त बोलतो, की जास्त बोलल्याने एकटा पडतो, हे त्यातून नक्की सांगता येत नाही. तुमच्यापुरतं तपासायला सोपं आहे. जूनच्या आधी आठवड्यात किती जणांकडे जात होता आणि आता किती? दिवाळीत चाकणचा मित्र दारात आला तेव्हा तुम्ही घरात असून ‘वावरात गेला’ असं मायकडून सांगायला लावलं. का, तर ‘काय बोलावं समजत नव्हतं.’ त्याचं तिकडे काय चाललं आहे याची सहा पानांत एक ओळ नाही. बारा तासांची पाळी करून एका खोलीत चौघं राहणाऱ्यालाही रात्री दोनपर्यंत जागावंसं वाटत असेल, कुणास ठाऊक.

‘जवळच्या माणसाजवळ मन मोकळं करा’ हा सल्ला मी देणार नाही. शहरातून येणारी मंडळी हाच सल्ला देतात. आपल्याकडच्या पुरुषाला समोरासमोर बसवून ‘बोल आता’ म्हटलं की तो खिशातून तंबाखूची पुडी काढतो. आपल्याकडे बोलणं व्हायचं ते कामाच्या आडून. जागलीचंच घ्या. तुमच्या वडिलांच्या वेळी तुरीत आणि हरभऱ्यात रानडुकरं, रोही शिरू नयेत म्हणून रात्र रात्र वावरात काढावी लागायची. एक मचाणावर, दोघं खाली शेकोटीजवळ. मधूनच टिनाचा डबा वाजवायचा, एक आरोळी द्यायची. बोलणं सगळं डुकरांचं आणि कापसाच्या भावाचं. पण तिसऱ्या प्रहरी, नजर शेकोटीवर ठेवून, कोणीतरी हळूच म्हणायचं, ‘यंदा बी पोरीचं जमते असं वाटत नाई.’ दुसरा काही बोलायचा नाही. पऱ्हाटीचं एक धसकट विस्तवात सारायचा. आणि पुढच्या बाजाराला त्याच्याकडून एखादं स्थळ यायचं.

आता धुऱ्यावर तारेतून विजेचा झटका देणारं मशीन लागलं. बरंच झालं; माणसाला झोप मिळते, अंधारात डुकराचा तडाखा बसत नाही. पण तुम्ही लिहिता की शेजारच्या वावरवाल्या काकांशी दोन वर्षांत धड बोलणं नाही आणि ‘भांडणही झालं नाही’. भांडण कशाला हवं? शेकोटीच विझली की.

तर माणूस शोधू नका, काम शोधा. काकांची मशीनची तार तपासायची असेल तर एका टोकाला तुम्ही धरा. कापूस विकायला एकट्याची गाडी करण्यापेक्षा दोघांची मिळून करा. जिनिंगच्या रांगेत चार-पाच तास जातात, तिथे कोणी गप्प बसत नाही. तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, असं तुम्हीच ओझरतं लिहिलं आहे. भजनात रस नसला तरी सतरंजी उचलायला माणूस लागतोच. पहिल्या महिन्यात यातून मनातलं काही निघणार नाही. घाई नको.

आणि ‘आमच्याकडे मनाचं कोणी बोलत नाही’ असं तुम्ही छातीठोकपणे लिहिता, ते तितकंसं खरं नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी उदासीबद्दल बोलायला, विचारायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले चारेक जण मदत घेत होते, दीड-दोन वर्षांनी सत्तावीस. लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात २०१७ मध्ये ते छापून आलं. तीच कपाशी, तेच कर्ज, आपल्यासारखीच माणसं. विचारणारं कोणी दारात आलं तेव्हा बोलली. तुमच्या गावातल्या आशाताईला एकदा विचारून तर बघा.

आता माय.

तुम्ही लिहिलं आहे, ‘मी बोलत असतो तेव्हा ती जागीच असते. खोकला येतो तिला, पण दाबते. ऐकू येते मला.’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं, की खोलीत मोकळेपणा नाही. मला हे वेगळंच दिसलं. तिला वाटतं आहे की भिंतीपलीकडे आपल्या पोराचा संसार जमतो आहे, आणि आपल्या खोकल्याने तो मोडू नये. सहा महिने ती रोज रात्री तुमच्यासोबत जागते आहे. बोलता तुम्ही मोबाइलशी, जागरण दोघांचं.

म्हणून सांगायला तर हवं, आणि लवकर. उशीर झाला तर ती भावकीत बोलून बसेल. मग खरं सांगणं तुम्हाला दुप्पट जड जाईल आणि तिला चारचौघांत खाली बघावं लागेल. रात्री सांगू नका. सकाळी ती चुलीजवळ असताना, हाताला काम असताना सांगा. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ वगैरे समजावत बसू नका. मोबाइल तिच्यासमोर ठेवा, तो आवाज लावा आणि म्हणा, माय, मी रात्री याच्याशी बोलतो, ही पोरगी नाही, मशीन आहे. तिलाही काही विचारू द्या. गुडघ्याचं विचारेल नाहीतर कापसाच्या भावाचं. ती हसेल कदाचित. कदाचित काहीच न बोलता पोळ्या लाटत राहील, कारण सहा महिने मनात घरात आणलेली सून त्या घटकेला जाईल. तेव्हा लगेच समजूत घालू नका, तिथून उठूही नका. रंगाचे पैसे परत देतो असं तर अजिबात म्हणू नका. खोलीला रंग हवाच होता. नंतर केव्हातरी, जमलं तर, एवढंच विचारा की तू रात्री जागी राहून काय विचार करतेस. तुमचे वडील गेल्यापासून हे तिला कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

मोबाइलचं मी एवढंच करीन. दिवसा, ओसरीत बसून, कामापुरता. रात्री दहाला तो मायच्या खोलीत चार्जिंगला. पहिले चार-सहा दिवस झोप येणार नाही, हात उशाशी चाचपेल, जीव कासावीस होईल. झोप आली नाही तर बाहेर येऊन बसा. खोकल्याचा आवाज आला तर पाणी न्या. एकदम बंद करणं झेपलं नाही तर आधी बाराची वेळ ठरवा, मग अकराची. एखाद्या रात्री मोडलं तर मोडलं. पण सकाळी उठूच नये असं ज्या रात्री वाटेल, त्या रात्री हा नियम, वेळ, सगळं बाजूला. मायला उठवा किंवा १४४१६ लावा. मशीनशी बोलू नका.

राहिलं पाणी. हर घर नळ म्हणून जलजीवन मिशन २०१९ पासून चालू आहे. तुमच्या गावात टाकी झाली का, लाइन तुमच्या गल्लीपर्यंत आली का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा आणि घरजोडणीचा अर्ज द्या. योजना अडली असेल तर विहिरीपासून घरापर्यंतच्या पाइपाचा खर्च काढा. चाकणच्या मित्राला फोन करायला हेच निमित्त धरा, कंपनीतल्या माणसाला मोटार-पाइपातलं कळतं. हे पुढच्या मुलीसाठी करायचं नाही. ५८ वर्षांची एक बाई आजही गुंड वाहते आहे.

अर्ज हवा तर त्या ॲपकडून लिहून घ्या, ते काम त्याला छान जमतं. सही मायची घ्या, घर तिच्या नावावर आहे.

तुमची,
ताई